साठ फळ्यांचं तेल

“हात पुढे कर, प्रमिला,” आबा म्हणाले.

मी अजून शेडमध्ये शिरलेही नव्हते. पदर खोचत दारातच होते, तशीच थांबले. आबा म्हणजे माझे सासरे, बाळकृष्ण पांचाळ. राजापूरपासून लांज्यापर्यंत कुणाच्याही दारात उभं राहिलात तर ती चौकट आबांच्या हातची निघायची. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत त्या माणसानं मला ‘जेवलीस काय’ एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या हातात खोबरेलाची बाटली होती.

“कशाला हो आबा? आता तेलातच तर हात घालायचेत दिवसभर.”

“राबून राबून फुटलेत हात तुझे. लाव. कोपरापर्यंत लाव.”

त्यांनी स्वतः माझ्या ओंजळीत तेल ओतलं. मी चोळत राहिले आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही उठसूट रडणारी बाई नाही. माझ्या तोंडाला कुणी लागत नाही अशी माझी ख्याती वाडीभर होती. पण मी घाटावरची, गगनबावड्याकडून ह्या कोकणात दिलेली. इथलं पाणी, इथला मासा, इथलं बोलणं सगळं अंगवळणी पाडून घेताना कुणी पाठीवरून हात फिरवला नव्हता. त्यामुळे ते पसाभर तेल मला फार वाटलं.

आमच्याकडे वाढायच्या फळ्या होत असत. फणसाच्या लाकडाच्या, हातभर लांब, कडेला धरायला कान. पूर्वी लग्नकार्यात भाकऱ्या आणि वडे वाढायला गावातले लोक न्यायचे, मग हळूहळू शहरातले लोक मागायला लागले. लाकूड कापणं, रंधा मारणं हे पुरुषांचं. पण शेवटची घोटाई माझी. जवसाचं तेल मंद आचेवर गरम करायचं, त्यात मधमाशीचं मेण विरघळवायचं, आणि ते तळहातानं लाकडात मुरवायचं. फडक्यानं नाही, तळहातानंच. हाताची ऊब लागल्याशिवाय तेल आत जात नाही. एक हात झाला की आठ दिवस सुकू द्यायचं, मग दुसरा हात. ही विद्या सासूबाईंची. त्या गेल्या आणि ती माझ्याकडे आली. माझ्या हातची फळी अशी व्हायची की पाणी तिच्यावरून मोत्यासारखं घरंगळायचं.

फळीच्या पाठीवर तापवलेल्या लोखंडानं निशाणी उमटवायची रीत होती. आबांची चंद्रकोर, मोठ्या भाऊजींचा बाण, आमच्या ह्यांची चौकट. ज्याची फळी त्याची निशाणी. बाईला निशाणी नव्हती. सासूबाईंनी तीस वर्षं घोटाई केली, त्यांच्या नावाचा एक ठिपका कुठे सापडायचा नाही. मी ह्यावरून घरात किती वेळा तोंड सोडलं असेल त्याला गणती नाही. आणि त्या वर्षी आबा एकदाचे म्हणाले, “ह्या साठ फळ्या होऊन जाऊ देत. मग लोहाराकडून तुझीही करून आणू. काय हवं तुला?”

“भाताची लोंबी,” मी म्हटलं. विचार करायला लागलाच नाही, कारण तो माझा पाच वर्षं आधीच करून झाला होता.

ह्या साठ फळ्या होत्या सबनीस मॅडमच्या. समुद्राकडेला त्यांचं नवीन रिसॉर्ट होत होतं, पाडव्याला उद्घाटन. माघात त्या आमच्या खळ्यात आल्या, फळी उलटीसुलटी करून बघितली, वास घेतला. बाई कामाची होती, तेवढं मला लगेच कळलं.

“ह्यावर गरम मासा थेट वाढणार आम्ही,” त्या म्हणाल्या. “चालेल ना? आणि धुवायचं कसं? आमच्याकडे पोरं सगळं साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवतात.”

“बुडवलंत तर फळी गेली म्हणून समजा,” मी म्हटलं. मोठे भाऊजी मला डोळ्यांनी दटावत होते, पण माझं चालूच. “ओल्या फडक्यानं पुसायची, लगेच कोरडी करायची. आडवी ठेवायची नाही, कडेवर उभी ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागतो. उन्हात टाकायची नाही, तडकते. माशाचा वास राहिला तर जाड मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन घासायची. महिन्यातून एकदा तेलाचा हात.”

“हे सगळं मला लिहून द्याल? प्रत्येक फळीबरोबर एक कार्ड देऊ. तुमच्याच अक्षरात.”

मी सातवी पास आहे. माझं अक्षर चांगलं आहे. साठ कार्डं मी स्वतः लिहिली, आणि शेवटची ओळ मुद्दाम जरा मोठी काढली: ‘फळीला खाण्याच्या तेलाशिवाय दुसरं काहीही लावू नये.’

जाताना सबनीस मॅडमनी एकच अट घातली. “कीड लागलेली एक जरी निघाली, तरी साठच्या साठ परत. आमच्या मुंबईच्या हॉटेलात असंच झालं होतं, फळीतून भुसा पडायला लागला लोकांच्या ताटात.”

“अहो मॅडम, आमच्याकडे दोन पावसाळे खाल्लेलं लाकूड असतं,” भाऊजी म्हणाले. मोठे भाऊजी, वासुदेव, म्हणजे बोलण्यात साखर. गिऱ्हाइकांशी तेच बोलायचे.

दोन पावसाळे खाल्लेलं लाकूड होतं, ते खरं. आबांनी पडवीत रचून वाळवलेलं. पण ते भाऊजींनी दिवाळीतच एका बंगल्याच्या जिन्याला देऊन टाकलं होतं. साठ फळ्यांसाठी जो फणस आला तो नुकता पाडलेला. पहिल्या दिवशी फळकुटं उतरवली तेव्हा मी एकावर टिचकी मारून बघितली. बद्द आवाज आला. कडेची पांढरी साल तशीच, ओलसर.

मी ह्यांना म्हटलं, “अहो, हे ओलं आहे. दोन महिन्यांत कीड धरील.”

आमचे हे, दत्ताराम, स्वभावानं देवमाणूस, म्हणजे कुणालाच काही बोलणार नाहीत असा. म्हणाले, “दादा बघून घेईल. तू गप्प राहा गो.”

मी गप्प राहिले. माझी लोंबी त्या साठ फळ्यांत अडकलेली होती, हेही होतंच.

तर त्या सकाळी आबांनी माझ्या हाताला खोबरेल लावलं आणि मी घोटायला बसले. तेलाचा डबा भाऊजींनी आधीच चुलीवर चढवला होता. हे काम ते कधी करत नसत. आणि दोन्ही हातांत त्यांनी दुधाच्या पिशव्या चढवून मनगटाशी सुतळी बांधली होती.

“काय भाऊजी, नवरी झालात? मेंदी पुसेल म्हणून बांधलंत काय?” मी हसले.

“जवस जरा जास्त कढवलंय. चटका बसतो,” ते म्हणाले आणि पिशव्या काढून परसात गेले.

तेल नेहमीपेक्षा काळपट होतं. वासही वेगळा, घशाला लागणारा. पण कढवलंय म्हणाले, आणि माझं मन त्या दिवशी इतकं भरून आलेलं की मी काही मनावर घेतलं नाही. फळ्यांना रंग मात्र सुंदर चढला, पिकल्या खजुरासारखा. एकेक फळी मी मांडीवर घेऊन घोटली. पाठीवर जिथे निशाणी यायची तिथे अंगठा दाबून बघितला, लोंबी किती मोठी बसेल म्हणून.

आठ दिवसांनी दुसरा हात. त्याही सकाळी आबा बाटली घेऊन उभे. मी काही न बोलता हात पुढे केले.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली आणि तिसऱ्या दिवशी फोड आले. पाण्यानं भरलेले, मोठाले, मनगटापर्यंत. जेवताना घास उचलवेना. मी तशीच शेडमध्ये गेले. आबा रंध्याचं पातं लावत बसले होते, भाऊजी फळ्या कागदात गुंडाळत होते.

“आबा, हे बघा. हे तेल नेहमीचं नाही.”

आबांनी पात्यावरून मान वर केली, माझ्या हातांकडे बघितलं, पुन्हा मान खाली. “उष्णतेचे फोड असतील. ताक पी.”

“मला आजवर कधी असे फोड आले नाहीत. आणि पहिली फळी घरची, ते ह्या खेपेला केलंच नाही आपण.”

ही आमच्या घराची रीत होती. कुठल्याही खेपेची पहिली फळी आधी घरात वापरायची. तिच्यावर भाकरी घ्यायची, कालवण सांडायचं, सगळ्यांनी एक दिवस त्यावर जेवायचं, मगच बाकीच्या बाहेर जायच्या. सासूबाई आजारी होत्या त्या वर्षीसुद्धा आबांनी हे चुकवलं नव्हतं.

“एक दिवस थांबा. आज रात्रीची भाकरी आपण हिच्यावर खाऊ,” मी म्हटलं.

“टेम्पो सांगितलाय,” भाऊजी म्हणाले. “तू स्वतःला काय समजतेस गो? सातवी शिकलीस म्हणून धंदा शिकवायला लागलीस?”

मी आबांकडे बघितलं. ते पात्याची धार अंगठ्यावर घासून बघत होते. “दिवस कुठे आहेत थांबायला,” ते म्हणाले. टेम्पो दुपारी गेला, साठ फळ्या आणि माझ्या अक्षरातली साठ कार्डं घेऊन.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी फोन आला. उद्घाटनाच्या जेवणाला आलेल्या पाहुण्यांपैकी चौदा जणांची तोंडं आली होती. ओठ सुजलेले, बोटांना फोड. एका पाच वर्षांच्या मुलीला तर दोन दिवस पाणी पिता येईना. रिसॉर्टचा आचारी इथलाच. त्यानं गरम केलेल्या फळीचा वास घेतला आणि सांगितलं की हे काजूच्या टरफलाचं तेल आहे, बंदरावर होड्यांना लावतात ते, वाळवी आणि कीड लागू नये म्हणून. सबनीस मॅडम चार वाजता येणार होत्या.

काजूच्या टरफलात असं काही तेल असतं हेच मला त्या दिवशी कळलं. आमच्या घाटावर काजू पाहुण्यांपुढे वाटीतून येतो, झाडावर कुणी बघितलाय? पण दुधाच्या पिशव्या कळल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भाऊजींना सगळ्यांदेखत म्हटलं, “तुम्ही घातलंत. ओलं लाकूड लपवायला घातलंत, आणि माझ्या हातानं चोळून घेतलंत.”

भाऊजी भिंतीकडे तोंड करून बसले. तिकडूनच म्हणाले, “थेंबभर घातलं होतं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं.”

मग आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस घरात मधे पडला, आणि कुणासाठी पडला ते ऐका. “प्रमिला, दादाचं नाव गेलं तर सगळंच गेलं. गिऱ्हाईक त्याला ओळखतं. तू घाटावरची. काजूचं तेल तुला ठाऊक नव्हतं, डबा चुकला, असं म्हटलंस तर कुणालाही पटेल. तुझ्या हातांवर फोडही आहेत.”

“म्हणजे फोडही माझे आणि पापही माझं?”

मी आबांकडे वळले. मला आबांनी सांगायला हवं होतं. “तुम्ही सांगा आबा. मी काय बोलू?”

आबा म्हणाले, “मी काय सांगणार पोरी? तुझ्या मनाला येईल तसं कर. ह्या वयात मला मान खाली घालायला लावू नका म्हणजे झालं.”

पोरी म्हणाले. आधी तेल, आता पोरी. आज मला माझीच कीव येते, पण तेव्हा मी मनाशी म्हटलं, घरात एवढी माणसं असून ज्या एकानं माझे फुटलेले हात बघितले, त्याची मान मी कशी खाली जाऊ देऊ? भाऊजी गेले खड्ड्यात. आबांसाठी बोलायचं.

चार वाजता सबनीस मॅडम आल्या. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, “चूक माझी आहे. डबे शेजारी शेजारी होते. मी घाटावरची, मला वास ओळखता आला नाही. ह्यांना कुणालाच माहीत नव्हतं.”

त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. माझं कार्ड. “हे तुम्हीच लिहिलंत ना? वाचा शेवटची ओळ.”

मी वाचली नाही. त्यांनीच वाचली. “खाण्याच्या तेलाशिवाय दुसरं काहीही लावू नये. लिहिताना एवढी अक्कल होती, मग लावताना कुठे गेली? त्या पोरीची आई मला काय बोलली माहीत आहे?”

मला त्या मुलीच्या आईचं सगळं बोलणं ऐकायचं होतं, खरंच. ते माझ्या वाट्याचं नव्हतं तरी ऐकलं असतं. पण मॅडम आबांकडे वळल्या. म्हणाल्या, “बाळकृष्णराव, तुमच्या नावावर मी आले होते. दुसऱ्या फळ्या करून द्या, पक्क्या लाकडाच्या, कितीही दिवस घ्या. पण ही बाई माझ्या मालाला हात लावणार नाही.”

“नाही लावणार,” आबा म्हणाले.

एक क्षण थांबले असते तरी चाललं असतं मला. पण ते लगेच म्हणाले, आणि वर म्हणाले, “आता कुठल्याच मालाला लावणार नाही.”

साठ फळ्या परत आल्या. जाळल्या असत्या तर धुरानं डोळे गेले असते, म्हणून परसात खड्डा खणून पुरल्या. फोडांच्या हातांनी मी कुदळ धरली, कारण चूक माझी होती ना. वाडीत बायका मला विहिरीवर विचारायच्या, काय ग, माणसं मारायला निघाली होतीस काय. मी, जिच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं, ती खाली बघून कळशी भरायची. टेम्पो गेला तेव्हाच सांगून ठेवलेली निशाणी घेऊन लोहार आला. आबांनी ती शेडच्या खुंटीला अडकवली आणि पुढे त्या लोंबीला कुणीतरी बादली टांगायला लागलं. घोटाई मोठ्या जाऊबाईंकडे गेली. त्या फडक्यानं घोटायच्या.

असे दोन पावसाळे गेले. हात रिकामे राहिले की माणसाला वेड लागतं. मी शेजारच्या गावात काजू फोडायच्या शेडमध्ये जायचं ठरवलं. आबा म्हणाले, “तिथे कशाला जातेस? हात खराब होतील.” मी म्हटलं, हातांचं आता काय करायचंय.

पहिल्या दिवशी सकाळी शेडमध्ये वीस-पंचवीस बायका फतकल मारून बसलेल्या. मुकादमीण सुगंधाबाई म्हणून होती, बुटकी, तोंडात पान. मी पाटावर बसले, काजूला हात घालणार तेवढ्यात ती खेकसली, “थांब गो. हात पुढे कर.”

मी केले. तिनं माझ्या ओंजळीत खोबरेल ओतलं.

“कशाला हे?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“कशाला म्हणजे? टरफलाचं तेल लागलं तर कातडी सोलून निघेल. आधी खोबरेल लावलं म्हणजे कमी बाधतं. कोपरापर्यंत लाव. तू घाटावरची दिसतेस. इथे शेंबड्या पोराला ठाऊक असतं हे.”

सगळ्या बायका हसल्या. चेष्टेनं, वाईटपणानं नाही. मीही हसले बहुतेक. मग काजू न फोडताच उठले, पायात वहाणा घातल्या आणि घरी चालत आले. दीड तास लागला. वाटेत कुणी भेटलं का, कुणी काही बोललं का, मला काही आठवत नाही.

आबा पडवीत नुकते जेवून बसले होते. पुढ्यात त्यांची जुनी फळी, सासूबाईंनी घोटलेली. भाकरीचे कण तिच्यावर तसेच. घरात दुसरं कुणी नव्हतं.

“लवकर आलीस?” ते म्हणाले. “बरं झालं. ही फळी पूस आणि तेलाचा हात फिरव जरा. कोरडी पडलीय. तुझ्या जाऊला जमत नाही.”

मी फळी पुसली. कडेवर उभी करून भिंतीला टेकवली, जशी ठेवायची तशी. आत जाऊन खोबरेलाची बाटली आणली आणि त्यांच्या समोर बसले.

“आबा, हात पुढे करा.”

त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. अकरा वर्षं आणि वर दोन वर्षं मी त्या घरात होते, पण त्यांचा चेहरा इतका म्हातारा मी कधी बघितला नव्हता. मी वाट बघत होते. ‘कशाला’ एवढाच एक शब्द ते बोलले असते, तर मी अजूनही स्वतःची समजूत घातली असती. म्हटलं असतं, योगायोग असेल, म्हाताऱ्याला खरंच माझ्या हातांची दया आली असेल. त्या एका शब्दावर मी पुढची सगळी वर्षं काढली असती.

आबांनी काहीच विचारलं नाही. दोन्ही हात पुढे केले, आणि मी ओतलेलं तेल बोटांमधून खाली गळत राहिलं तरी ते तसेच धरून बसले.